सुया, लोकर आणि खिडकीची जागा

लहान मूल घेऊन लांबचा प्रवास म्हणजे शिक्षा, असे म्हणणाऱ्यांनी पिशवीत लोकर-सुया घेऊन निघालेली आई पाहिलेली नसावी. सुमारे 900 मीटर उंचीवरच्या बंगळूरला डिसेंबरातल्या संध्याकाळी मुलाच्या अंगात स्वेटर लागतोच. तो विणायला सवड मिळते ती मात्र आगगाडीत, आजोळी जाताना!

उद्यान एक्सप्रेस बंगळूरहून रात्री सुटते. सकाळी मूल जागे झाले, की सोलापूर, पुणे करत मुंबई येईपर्यंत त्याला रमवायचे असते. पुस्तकाचे पानभरही वाचून होत नाही. विणकाम मात्र 'आई, शू' ऐकताच अर्ध्या ओळीत खाली ठेवता येते. टाके सुईच्या टोकापासून तेवढे मागे सरकवायचे.

गुंडा डब्यात घालून झाकणाच्या भोकातून धागा काढला, तर तो बाकाखाली पळत नाही. पण तीन वर्षांच्या मुलाला गंमत असते ती त्याच्या पळण्यातच. समोरच्या कन्नड आजी गुंडा उचलून देतात, विणलेले चाचपतात आणि बाही आखूड होईल, असे खुणेनेच बजावतात.

आजींचे खरेच असते. मूल स्वेटरपेक्षा वेगाने वाढते. म्हणून जाणत्या बायका गळ्यापासून खाली विणत येतात. पुढच्या वर्षी खालची पट्टी उसवून चार बोटे वाढवता येतात. तोच रंग दुकानात पुन्हा मिळत नाही, जोड दिसतो आणि आई खट्टू होते. मुलाला मात्र त्या वेगळ्या पट्ट्याचेच अप्रूप. 'हा गाडीतला,' म्हणून तो सगळ्यांना दाखवत सुटतो.