भिंतीतली गोचीड, पाठीवरचं औषध

चिऱ्याची भिंत दिसायला देखणी, पण गिलावा नसेल तर ती गोचिडीला आंदण दिल्यासारखीच. जांभ्याच्या दगडाला बारीक भोकं असतात, चिऱ्या-चिऱ्यांमध्ये सांधी असतात, आणि कुत्र्याला लागणारी तपकिरी गोचीड नेमकी अशीच जागा शोधते. कुडाळ तालुक्यातलं आमचं घर असंच आहे. रात्री पडवीत दिवा लावला की भिंतीवरून वर चढणाऱ्या गोचिडी दिसायच्या. रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळते, भिंत चढते, सांधीत शिरून हजारोंनी अंडी घालते आणि मरते. पिल्लं पुन्हा कुत्रा गाठतात, रक्त पितात, गळतात, भिंतीत जाऊन कात टाकतात आणि परत येतात. अंगावर दिसते ती थोडी. बाकीचा संसार भिंतीत.

भुरी आमची गावठी कुत्री. एका ऑक्टोबरात तिनं खाणं सोडलं, नाकातून रक्त आलं, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर प्लेटलेट घसरलेल्या. गोचीडताप, एर्लिकिया. चार आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालल्या आणि भुरी उठली. पण डॉक्टर म्हणाले ते माझ्या मनात बसलं. गोचीड चिकटल्यावर काही तासांतच हा रोग अंगात उतरू शकतो. म्हणजे आठवड्यातून एकदा सवडीनं गोचिडी वेचून भागणार नव्हतं. मानेवर सोडायचं औषध, ज्याला दुकानात सगळे ‘स्पॉट-ऑन’ म्हणतात, ते तेव्हा घरात आलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. “अंदाज नको, काट्यावर घ्या.” गावात कुत्र्यासाठी काटा कुठला? काजू खरेदीच्या वखारीत मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तिथे भुरीला घेऊन गेले. आधी मी एकटी उभी राहिले, मग तिला उचलून, आणि वजाबाकी केली. अठरा किलो भरली. आमच्या स्पॉट-ऑनमधलं औषध फिप्रोनिल, आणि त्याची नळी वजनाप्रमाणे येते: दहा किलोपर्यंत 0.67 मिलिलिटर, दहा ते वीसपर्यंत 1.34, वीस ते चाळीसपर्यंत 2.68. मोठ्या कुत्र्याची नळी आणून दोन लहान कुत्र्यांना अर्धी अर्धी लावली की पैसे वाचतात, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला हे मुळीच पटत नाही. अर्धी म्हणजे किती, हे डोळ्यांनी ठरत नाही. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला तर फिप्रोनिल लावायचंच नाही.

वजनाइतकीच महत्त्वाची होती आमची मनी. ती मांजर रोज दुपारी भुरीच्या पोटाला टेकून झोपते. दुकानदारानं जे पाकीट काढलं त्यावर फिप्रोनिलसोबत परमेथ्रिन लिहिलं होतं. “ह्या घेवा वैनी, ह्या जास्त जोरात चलता,” तो म्हणाला. परमेथ्रिन कुत्र्याला चालतं, पण मांजराचं यकृत ते नीट निचरू शकत नाही. त्यानं मांजराला थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. अंगावर थेट लावायलाच हवं असं नाही; नुकतंच लावलेल्या कुत्र्याला खेटून झोपणं किंवा त्याला चाटणंही पुरतं. मी पाकीट परत केलं आणि फिप्रोनिलसोबत एस-मेथोप्रिन असलेलं मागितलं. त्यातलं एस-मेथोप्रिन पिसवांची अंडी आणि अळ्या वाढू देत नाही. घरात मांजर आहे हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगावं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच.

लावताना मी भुरीला उभी करते, बसलेली नको. खांद्यांच्या दोन हाडांच्या मधोमध, जिथे तिची जीभ पोचत नाही, तिथले केस दोन्ही अंगठ्यांनी बाजूला सारायचे. केसांखालची गुलाबी कातडी स्वच्छ दिसली पाहिजे. नळीचं टोक मोडून ते कातडीला टेकवायचं आणि सगळं औषध तिथेच सोडायचं. केसांवर ओतलं तर ते ओघळून वाया जातं, आणि चोळत बसायचीही गरज नसते. कातडीवरच्या तेलातून ते आपोआप पसरतं आणि तेलाच्या ग्रंथींत साठून महिनाभर थोडं थोडं बाहेर येत राहतं. म्हणूनच आदल्या दोन दिवसांत आणि नंतरच्या दोन दिवसांत शांपूची अंघोळ नाही. जखम असेल, खाजवून कातडी सोलली असेल तर थांबायचं. त्या जागी केस काही वेळ ओले, टोकदार दिसतात. ते वाळेपर्यंत पोरांनी हात लावायचा नाही, आणि मनीची झोपायची सोय माजघरात.

दुसऱ्या दिवशीही अंगावर गोचिडी दिसतात, आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात. औषध लागू पडलं नाही असं समजून दुसरी नळी लावतात. गोचीड मरायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात, तेवढा धीर धरावा लागतो. तेवढ्या वेळात रोग उतरू शकतो, हेही खरं. म्हणून रोज संध्याकाळी मी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली हात फिरवते. सापडली की चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. रॉकेल लावायचं नाही, नखानं चिरडायची नाही.

दोडामार्ग-बांद्याकडे 2016 पासून माकडताप येतो, तोही गोचिडीनेच पसरतो. त्यामुळे आमच्याकडे गोचीड म्हटलं की माणसं धास्तावतात. माकडतापाची गोचीड रानातली, वेगळ्या जातीची. पण त्या धास्तीपायी हाताला लागेल ते कुत्र्यावर ओततात. शेजारच्या भाऊजींनी गोठ्यातलं डेल्टामेथ्रिन पाणी न घालता आपल्या कुत्र्याच्या पाठीवर ओतलं. “गोरवांका चलता, मगे कुत्र्याक कित्याक नाय?” म्हणाले. तासाभरात कुत्र्याच्या तोंडाला फेस आला, मागचे पाय लटपटू लागले, अंगभर थरथर सुटली. आम्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, भांडी घासायच्या साबणानं आणि कोमट पाण्यानं त्याला पुन्हा पुन्हा धुतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि बाटलीसकट दवाखान्यात नेलं. बाटली सोबत होती म्हणून डॉक्टरांना काय अंगावर गेलंय ते लगेच कळलं. या विषावर उतारा नसतो, झटके थांबवायचे आणि अंग सांभाळायचं एवढंच करता येतं. कुत्रा वाचला. गुरांसाठीचं औषध पाण्यात मिसळून, गुरांच्या मापानं वापरायचं असतं, ते कुत्र्यासाठी बनवलेलंच नसतं, हे आता भाऊजी स्वतः वाडीत सांगत फिरतात.

आमच्या पावसात मात्र या नळीचा उपयोग कमीच. जुलैत दोन दिवस कोरडं राहणारं कुत्रं कोकणात कुठे सापडायचं? तेव्हा डॉक्टर भुरीला फ्लुरालानेरची गोळी देतात, एकदा दिली की साधारण तीन महिने पुरते. तीही वजनानुसारच घ्यायची, आणि कुत्र्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2018 मध्ये फ्लुरालानेरच्या गटातल्या गोळ्यांबद्दल तसा इशारा दिला आहे.

आणखी एक काळजी व्हाळाची. फिप्रोनिल माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना विषारी आहे. इंग्लंडमधल्या 20 नद्यांचं पाणी तपासलं तेव्हा जवळजवळ सगळ्या नमुन्यांत ते सापडलं. औषध लावल्यावर दोन दिवस तरी भुरीला व्हाळात उतरू देत नाही, आणि रिकामी नळी पाण्याच्या जवळपासही टाकत नाही.

भिंतीचं काम उन्हाळ्यात काढलं. पडवीच्या सांधी सिमेंटनं बुजवल्या, भुरीची गोणपाटं कढत पाण्यात घातली. पण सांधीतली उपाशी गोचीड महिनोन्महिने तग धरते, त्यामुळे भिंत स्वच्छ दिसली म्हणून महिन्याची नळी मी अजून बंद केलेली नाही.