अर्धे तीन म्हणजे किती?

बालमित्रांनो, तुम्हाला कुणी विचारलं, "घड्याळात अर्धे तीन वाजले, म्हणजे किती वाजले?" तर काय सांगाल? साडेतीन? की तिनाचे अर्धे म्हणून दीड? थांबा, घाई करू नका. आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर चुकलं आणि त्यापायी आमच्या चिऊची एकुलती एक मैत्रीण तुटता तुटता राहिली. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

2017 सालच्या जुलैत चिऊच्या बाबांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षांसाठी जर्मनीतल्या लाइपझिग शहरात राहायला गेलो. हे शहर सॅक्सनी राज्यात आहे. बाख नावाचा थोर संगीतकार इथल्याच सेंट थॉमस चर्चमध्ये 1723 पासून 1750 पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत काम करत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन देश झाले, तेव्हा लाइपझिग पूर्व जर्मनीत गेलं. 1990 साली दोन्ही देश पुन्हा एक झाले.

चिऊ तेव्हा आठ वर्षांची. तिला जर्मन येत नव्हतं. आम्हालाही 'नमस्कार' आणि 'आभारी आहे' एवढंच येत होतं. भाषा हळूहळू शिकता येते हो, पण रोजच्या साध्यासुध्या गोष्टीच जास्त चकवतात!

परत आलेलं पत्र

पहिला चकवा दारातच. साताऱ्याहून चिऊच्या आजोबांनी, म्हणजे आमच्या नानांनी, तिला पत्र पाठवलं. पाकिटावर नाव, रस्ता, इमारतीचा क्रमांक, शिवाय 'फ्लॅट नंबर 7' असं सगळं सुवाच्य अक्षरात. तरी महिन्याभराने ते पत्र साताऱ्याला परत! का? तर तिथल्या इमारतींत बहुधा घरांना नंबरच नसतात. दरवाजाशी घंटांची रांग आणि प्रत्येक घंटेशेजारी आडनाव. टपालपेटीवरही आडनाव. पोस्टमन नंबर बघत नाही, नाव बघतो. आमच्या पेटीवर अजून आधीच्या भाडेकरूचंच नाव होतं. म्हणजे पोस्टमनच्या हिशेबी आम्ही तिथे राहतच नव्हतो!

त्याच संध्याकाळी चिऊने आमचं आडनाव मोठ्या अक्षरांत लिहून पेटीवर आणि घंटेवर चिकटवलं. नानांचं पुढचं पत्र बरोबर येऊन पोचलं.

टोपीवाला माणूस

दुसरा धडा मला रस्त्यावर मिळाला. सकाळची वेळ, रस्ता रिकामा, लांबपर्यंत एकही गाडी नाही. पादचाऱ्यांचा दिवा मात्र लाल. पुण्यामुंबईत वाढलेल्या माणसाने काय करावं? मी चिऊचा हात धरला आणि चालू लागले. तेवढ्यात मागून एक आजी ओरडल्या. शब्द कळले नाहीत, पण त्यांचं बोट चिऊकडे होतं. मग लक्षात आलं, त्या म्हणत होत्या, "अहो, लहान मूल बघतंय ना!" नंतर काही चौकांत तशा पाट्याच दिसल्या: 'हिरव्यावरच चला, मुलांपुढे चांगलं उदाहरण ठेवा.' मी चांगलीच वरमले.

त्या दिव्यातला माणूस मात्र चिऊला भलताच आवडला. गोलमटोल, डोक्यावर हॅट. लाल असताना दोन्ही हात आडवे पसरून उभा, हिरवा झाला की ऐटीत चालायला लागतो. 1961 साली बर्लिनमध्ये कार्ल पेग्लाउ नावाच्या वाहतूक-मानसशास्त्रज्ञाने त्याची कल्पना मांडली. नुसत्या रंगाच्या गोळ्यापेक्षा माणसाचं चित्र लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना पटकन कळतं, हा त्यामागचा विचार. 1990 नंतर पश्चिमेकडच्या साध्या आकृत्या बसवायला सुरुवात झाली, तेव्हा लोकांनी "आमचा टोपीवाला आम्हाला हवा!" म्हणून आवाज उठवला आणि तो वाचला. आज तो पश्चिम जर्मनीतल्याही काही शहरांत दिसतो.

शांत रविवार

एका रविवारी चिऊच्या बाबांनी भिंतीवर कॅलेंडर लावायला हातोडी उचलली. ठक्, ठक्, ठक्! तिसऱ्या ठोक्याला घंटा वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या आजी. "आज रविवार आहे," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

रविवारी तिथे जवळजवळ सगळी दुकानं बंद. पेट्रोल पंप, मोठी स्टेशनं आणि काही तास बेकऱ्या, एवढंच काय ते उघडं. रविवारी गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, भिंतीला भोकं पाडायची नाहीत. काचेच्या बाटल्या टाकायच्या सार्वजनिक पेट्या असतात ना, त्यांतही त्या दिवशी बाटली टाकायची नाही, कारण खळ्ळकन् आवाज होतो! रविवार हा विसाव्याचा दिवस, असं 1919 सालच्या त्यांच्या राज्यघटनेत लिहिलं होतं. ते कलम 1949 च्या राज्यघटनेतही तसंच ठेवलं आहे. पहिले चार रविवार आम्हाला करमेना. पुढे मात्र सवय झाली. रविवारी सगळी कुटुंबं बागेत, तळ्याकाठी, सायकलींवर. बाबांना ऑफिसचा फोन नाही. चिऊ म्हणायची, "आई, रविवारी बाबा पूर्ण आपलेच असतात."

बाटल्यांची गंमतही सांगायलाच हवी. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली विकत घेतली की दुकानदार 25 सेंट जादा घेतो. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली, की यंत्र चिठ्ठी देतं आणि ती चिठ्ठी दाखवली की पैसे परत. आमच्या घरातल्या बाटल्या परत करायचं काम चिऊचं आणि ते पैसे तिच्या डब्यात! बागेत पुष्कळ लोक रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता पेटीशेजारी उभी करून ठेवतात. गरजू माणसाला ती घाणीत हात न घालता उचलता यावी म्हणून.

वाढदिवसाचा घोटाळा

आता मुख्य गोष्ट. शाळेत चिऊ पहिले दोन महिने गप्पच होती. तिच्या बाकावर सोनेरी वेण्यांची एक मुलगी बसायची. ती स्वतःच्या डब्यातली सफरचंदाची फोड रोज चिऊपुढे सरकवायची. बोलणं नाही, नुसती फोड. पण तेवढ्यावर त्यांची दोस्ती जमली. एक दिवस तिने चिऊला घरी बोलावलं: शनिवारी तिचा वाढदिवस होता.

चिऊचा आनंद गगनात मावेना. तिने वाढदिवसाच्या जर्मन शुभेच्छा पाठ केल्या आणि शुक्रवारीच वर्गात मोठ्याने देऊन टाकल्या. मैत्रिणीचा चेहरा एकदम पडला. आजूबाजूची मुलं "नाही, नाही!" करू लागली. तिथे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात, हे आम्हाला कुठलं माहीत! चिऊ हिरमुसून घरी आली.

"जाऊ दे गं, उद्या पुन्हा दे," मी म्हटलं. "किती वाजता बोलावलंय?"

"हाल्प द्राय," चिऊ म्हणाली.

'हाल्प' म्हणजे अर्धा, 'द्राय' म्हणजे तीन. तीन आणि अर्धा, म्हणजे साडेतीन. इतकं सोपं!

शनिवारी मी रव्याचे लाडू वळले. चिऊने परकर-पोलकं घातलं. बरोबर साडेतीनला आम्ही घंटा वाजवली. दार तिच्या आईने उघडलं. आत टेबलावर रिकाम्या बश्या, केकचा चुरा, विझलेल्या मेणबत्त्या. बाकीची मुलं खेळ संपवून अंगणात पळाली होती. एक खुर्ची तशीच होती, तिच्यापुढे चिऊच्या नावाचं कार्ड. सगळ्यांनी बराच वेळ तिची वाट पाहिली होती.

मैत्रीण आमच्याशी बोललीच नाही. सोमवारी ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. चिऊला वाटलं, आपल्या शुभेच्छांनी वाढदिवस बिघडला. तिला वाटलं, चिऊला यायचंच नव्हतं. दोघींनाही सांगायचं पुष्कळ होतं आणि दोघींकडे शब्द नव्हते. तीन दिवस आमच्या घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही.

नानांची औटकी

बुधवारी साताऱ्याहून नानांचा फोन आला. चिऊने रडत रडत सगळं सांगितलं. नाना ऐकून घेत होते. मग एकदम हसले.

"अगं वेडाबाई, अर्धे तीन म्हणजे अडीच!"

"ते कसं हो, नाना?" मी विचारलं.

"सूनबाई, आम्ही शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करायचो. मास्तरांनी सांगितलेलं अजून लक्षात आहे. अडीच हा शब्द संस्कृतातल्या 'अर्धतृतीय' वरून आला. म्हणजे दोन पुरे आणि तिसरा अर्धा. दीड म्हणजे पहिला पुरा, दुसरा अर्धा. आणि औट म्हणजे साडेतीन: तीन पुरे, चौथा अर्धा. 'औट घटकेचं राज्य' म्हणतो ना आपण? साडेतीन घटकांचं राज्य! तुझे जर्मन लोक आपल्यासारखंच मोजतात की!"

मी थक्क झाले. जन्मभर अडीच-अडीच म्हणत आले, पण त्या शब्दाच्या पोटात काय आहे ते कधी पाहिलंच नव्हतं. मागाहून कळलं, जर्मन भाषेत दीडला 'आंडरटहाल्प' असा शब्द आहे आणि त्याचाही मूळ अर्थ 'दुसरा अर्धा' असाच.

त्या रात्री चिऊने एका कागदावर दोन घड्याळं काढली. एकात अडीच वाजलेले, खाली 'हाल्प द्राय'. दुसऱ्यात साडेतीन, शेजारी हातात लाडवांचा डबा धरलेली एक रडकी मुलगी. सकाळी तिने तो कागद मैत्रिणीच्या बाकावर ठेवला. मैत्रिणीने पाहिला. पुन्हा पाहिला. मग खुदकन् हसली आणि दप्तर उचलून चिऊशेजारी येऊन बसली. रुसवा संपला!

मग तिनेच चिऊला पुढचा धडा दिला. लाइपझिगकडे 'पाव तीन' म्हणजे सव्वादोन आणि 'पाऊण तीन' म्हणजे पावणेतीन. तिसऱ्या तासाचा पाव भाग झाला, अर्धा झाला, पाऊण झाला, असा तो हिशेब. तिची आई मला म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. पश्चिमेकडून आलेले जर्मन लोकसुद्धा यात गोंधळतात!"

पंचवीस आणि बावन्न

गणिताच्या तासाला तर चिऊने बाजीच मारली. बाईंनी संख्या सांगितली, "फ्युन्फ-उन्ट-त्स्वान्त्सिश", म्हणजे 'पाच आणि वीस'. परदेशातून आलेल्या दोन मुलांनी पाच आधी ऐकला म्हणून 52 लिहिले. चिऊने झटकन 25 लिहिले. आपणही पंच-वीसच म्हणतो ना? पाच आधी, वीस मागून!

पण हे उलटं बोलणं सगळ्यांनाच सोपं वाटतं असं नाही. नॉर्वेमध्येही पूर्वी 'पाच आणि वीस' म्हणत. तिथे 1951 साली सरकारने बदल करून 'वीस-पाच' अशी पद्धत आणली. जर्मनीत 2004 साली एक संस्था निघाली. तिचं नावच 'वीस-एक', आणि संख्या सरळ वाचाव्यात ही तिची मागणी. आणि 2019 च्या जूनमध्ये नानांनी फोनवर बातमी सांगितली, की बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत दिलीय आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद चाललाय! चिऊची मैत्रीण ते ऐकून म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही हेच भांडण?"

आणि आपण?

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, जर्मन लोक किती विचित्र! पण ती मैत्रीण आमच्या घरी यायला लागली, तेव्हा प्रश्न विचारायची पाळी तिची होती. तुम्ही अंगठ्याने बोटांच्या पेरांवर का मोजता? (ते लोक अंगठा वर करून 'एक' मोजतात.) कुणाला चुकून पाय लागला तर त्याला नमस्कार का करता? शेंगदाण्याच्या लाडवाला आणि बुंदीच्या लाडवाला एकच नाव कसं? काहींची उत्तरं मला आली, काहींसाठी नानांना फोन लावावा लागला.

तिचा सर्वांत अवघड प्रश्न असा: "चिऊ शाळेला निघताना 'येते' का म्हणते? ती तर जात असते!"

मी सांगितलं, "आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत. परत येणार आहोत, हे घरच्यांना सांगून निघायचं असतं."

2019 च्या जुलैअखेर आम्ही भारतात परतलो. निघायच्या दिवशी चिऊने दारावरचं आमचं आडनाव स्वतः काढलं. मैत्रीण निरोपाला आली होती. दोघींचे डोळे भरलेले. चिऊ काही बोलणार, तोच ती मुलगी मोडक्या मराठीत म्हणाली,

"जाते नाही. येते म्हण."

"येते हं," चिऊ म्हणाली.

तर बालमित्रांनो, तुमच्या वर्गात परगावचा, परप्रांतातला किंवा परदेशातला कुणी नवा विद्यार्थी आला आणि त्याचं काही चुकलं, तर लगेच हसू नका. आधी विचारा, "तुमच्याकडे कसं करतात?" आणि हो, या रविवारी एक गंमत करा. आपल्या घरातल्या कोणत्या पाच गोष्टी नवख्या माणसाला कोड्यात टाकतील, त्यांची यादी आईबाबांच्या मदतीने करा. आजी-आजोबा जवळ असतील तर त्यांना औटकी म्हणून दाखवायला सांगा. बघा किती जणांना येते ते!