युद्धहानीची रुजुवात

२५ मार्च २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणास एक महिना पुरा होत असताना, रशियाच्या संरक्षण खात्याने आपले १,३५१ सैनिक कामास आल्याचे जाहीर केले. त्याच्या दोनच दिवस आधी ‘नाटो’च्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने रशियाच्या मृतांचा अजमास ७,००० ते १५,००० असा दिला होता, आणि कीव्हचे सेनामुख्यालय तर त्याच सुमारास सोळा हजारांच्या गोष्टी करीत होते. अशा वेळी वृत्तपत्र वाचणारा सुज्ञ मनुष्य बहुधा एकाने फुगवलेला आणि दुसऱ्याने दडवलेला असे दोन आकडे समोर ठेवतो, त्यांच्या मधोमध कोठेतरी सत्य असेल असे मानतो आणि पान उलटतो. संख्याशास्त्राचा अध्यापक आणि युद्धहानीच्या मोजणीचा अभ्यासक या नात्याने मला ही सवय घातक वाटते. कारण या आकड्यांपैकी एकही मोजून आलेला नसेल, तर त्यांच्या सरासरीत मापनाचा गुण कोठून उतरणार? ज्या आकड्यामागचा प्रत्येक नग, प्रत्येक नाव, प्रत्येक कागद तिऱ्हाइताला स्वतः पडताळता येतो, ज्याची जुन्या दप्तरदारांप्रमाणे रुजुवात घालता येते, तोच आकडा माझ्या लेखी विचारार्ह. आणि अशी रुजुवात आज, युद्ध चालू असतानाच, सर्वांना उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून बऱ्याच अंशी घालता येते.

लढणाऱ्याने सांगितलेला आकडा केवळ लबाडीमुळेच चुकतो असे मात्र समजू नये. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटनवरील हवाई युद्धात शत्रूची १८५ विमाने पाडल्याची बातमी लंडनहून प्रसृत झाली. युद्धानंतर जर्मन विमानदळाची दप्तरे हाती लागली तेव्हा त्या दिवशीची त्यांची खरी हानी साठाच्या आसपास असल्याचे दिसून आले. वैमानिक खोटे बोलत नव्हते. एकाच विमानावर दोघातिघांनी गोळ्या झाडल्या आणि ते कोसळताना पाहून प्रत्येकाने ते आपल्या नावावर नोंदविले. धूर सोडीत ढगात शिरलेले विमान गारद झाले असे पाठलाग करणाऱ्यास प्रामाणिकपणे वाटले, प्रत्यक्षात ते समुद्र ओलांडून तळावर पोहोचले. प्राण पणाला लागले असता मनुष्याचे डोळे साक्षीदाराचे राहत नाहीत, हे ध्यानी घेऊनच लढवय्याची जबानी वाचली पाहिजे.

याच दुसऱ्या महायुद्धात आमच्या शास्त्राने एक फार सुंदर कामगिरी बजावली, आणि ती प्रत्येक वर्गात सांगताना मला आजही तितकाच आनंद होतो. जर्मनी दरमहा किती रणगाडे बांधते, याविषयी हेरांकडून येणाऱ्या वार्ता भयकारी होत्या; तेव्हा दोस्तांच्या अर्थतज्ज्ञांनी हेरांचा नाद सोडून, हस्तगत झालेल्या आणि मोडलेल्या रणगाड्यांच्या दातेरीपेट्यांवर (गिअरबॉक्सवर) व सांगाड्यांवर कारखान्याने ठोकलेले अनुक्रमांक उतरवून घेण्यास आरंभ केला. क्रमांक ओळीने पडत असतील, तर हाती आलेल्या मोजक्या नगांतील सर्वांत मोठ्या क्रमांकावरून एकंदर संख्येचे अनुमान काढता येते : नमुन्यात जितके नग अधिक, तितकी त्या मोठ्या क्रमांकात घालावयाची भर कमी. जून १९४० करिता हेरखात्याचा अंदाज महिन्याला १,००० रणगाड्यांचा होता, अनुक्रमांकांवरून निघालेला १६९ चा. युद्ध संपल्यावर जर्मन दप्तरात १२२ ही नोंद सापडली. ऑगस्ट १९४२ करिता हेच तीन आकडे अनुक्रमे १,५५०, ३२७ आणि ३४२ असे आहेत. लोखंडावर कारकुनी शिस्तीने ठोकलेला अंक शेकडो गुप्तहेरांहून अधिक खरे बोलला, याचे कारण एवढेच की तो कोणालाही काही पटवून देण्यासाठी ठोकलेला नव्हता.

युक्रेनच्या युद्धात हे काम छायाचित्रांनी केले आहे. ‘ओरिक्स’ या नावाने काम करणाऱ्या डच संशोधकांनी फेब्रुवारी २०२२ पासून जी फेरिस्त चालविली, तिचा नियम कडक होता : छायाचित्र अथवा चलच्चित्र नसेल तर नोंद नाही. प्रत्येक वाहनाची जात आणि पोटजात ठरवावयाची, ते नष्ट झाले, मोडले, टाकून दिले गेले की शत्रूच्या हाती पडले हे लिहावयाचे, आणि पुरावा नोंदीशेजारीच ठेवावयाचा.

हे काम जवळून कसे दिसते ते सांगतो. समोर तीन छायाचित्रे आहेत. पहिल्यात बर्फ आहे आणि चरात एका अंगावर कललेला, बुरूज उडालेला टी-७२ जातीचा रणगाडा. दुसरे वरून, ड्रोनमधून घेतलेले, त्यात बर्फ वितळून चिखल झाला आहे. तिसऱ्यात गुडघाभर गवत, आणि आगीने नारिंगी तांबेरलेला तोच किंवा तसाच सांगाडा. हे तीन रणगाडे की एक? अशा वेळी मी रणगाड्याकडे शेवटी पाहतो. आधी विजेच्या खांबांमधील अंतर, मोरीचा कठडा, शेताच्या बांधावरील निष्पर्ण झाडांची ओळ आणि त्या ओळीतील खंड पाहतो; मग उजवीकडून कितवे चाक निखळले आहे, स्फोटक चिलखताच्या कोणत्या विटा जागेवर नाहीत, उडालेला बुरूज सांगाड्यापासून कोणत्या दिशेस पडला आहे, हे तिन्ही चित्रांत ताडून पाहतो. सर्व जुळले तर नोंद एक, तीन नव्हेत. त्यानंतर तोफेच्या डाव्या अंगाच्या नेमसाधनाच्या पेटीवरून पोटजात ठरते. आणि तो कोणाचा, हा प्रश्न तरीही उरतोच, कारण दोन्ही सैन्ये एकाच सोव्हिएत वारशावर लढत आहेत. अंगावर रंगविलेले चिन्ह जळून गेले असेल तर निवाडा राखून ठेवावा लागतो.

अशी फेरिस्त खालची मर्यादा सांगते; हानी इतकी तरी झालीच, याहून कमी नाही, एवढेच तिचे म्हणणे असते. आणि ज्याचे चित्र निघाले नाही ते तिच्यात नाही, हा तिचा दोष दोन्ही पक्षांत समान वाटलेला नसतो. पहिल्या महिन्यांत रशियाचे तांडे युक्रेनच्या रस्त्यांवर अडकून पडले होते आणि प्रत्येक गावकऱ्याच्या खिशात कॅमेरा होता. त्यामुळे ती हानी भरपूर दिसली. आघाडीच्या कित्येक कोस मागे फुटलेली तोफ क्वचितच दिसते. एका पक्षाची हानी अधिक चित्रित झाली म्हणून ती त्याच प्रमाणात अधिक झाली, असे म्हणणाऱ्याने आधी छायाचित्रकार कोठे उभा होता हे विचारावे. ताळा घेण्याचा एक मार्ग रशियाच्या कोठारांतून जातो : २०२२ मध्ये टी-६२ आणि २०२३ च्या वसंतात टी-५४ व टी-५५ यांसारखे पणजोबांच्या काळचे रणगाडे कोठारांतून बाहेर पडलेले दिसले, तेव्हा नव्या यंत्रांची हानी गंभीर आहे या अनुमानास एक स्वतंत्र साक्षीदार मिळाला.

यंत्रांची मोजणी त्या मानाने सोपी. माणसांची मोजणी हा या शास्त्राचा खरा कस. मॉस्कोची गुप्तता जुनी आहे. अफगाणिस्तानातील मृतांचा १३,८३३ हा आकडा ‘प्रावदा’ने १७ ऑगस्ट १९८९ रोजी, म्हणजे फौजा परतल्यावर, छापला; मे २०१५ च्या एका हुकुमाने शांतताकाळातील ‘विशेष मोहिमां’मधील मृत्यूसुद्धा शासकीय गुपित ठरले. सप्टेंबर २०२२ मध्ये संरक्षणमंत्री शोइगू यांनी ५,९३७ ही संख्या सांगितली आणि त्यानंतर खात्याने एकंदर आकडा दिलाच नाही.

परंतु सरकार मौन पाळते तेव्हाही गाव मौन पाळत नाही. शाळा आपल्या माजी विद्यार्थ्याला श्रद्धांजली वाहते, जिल्हाप्रमुख शोकसंदेश काढतो, स्थानिक वृत्तपत्र अंत्यविधीची वेळ छापते. ‘मीडियाझोना’ ही रशियन वृत्तसंस्था आणि ‘बीबीसी’ची रशियन सेवा यांनी स्वयंसेवकांच्या साहाय्याने अशा सूचनांवरून व स्मशानांतील फलकांवरून मृतांची नावनिशीवार यादी चालविली. नाव, पित्याचे नाव, आडनाव, जन्मदिनांक, गाव, पलटण; दोन सूचना एकाच माणसाच्या तर नाहीत ना याची खात्री; मग नोंद. २०२५ साली त्या यादीने एक लाख नावे ओलांडली. बुर्यातिया, तुवा, बाश्कोर्तोस्तान अशा दूरच्या, गरीब प्रांतांवर या युद्धाचा भार किती विषम पडला, हे कोणत्याही सेनापतीच्या निवेदनाने सांगितले नसते. ते या यादीने सांगितले. या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे काम कोणते असे मला विचाराल, तर मी या यादीकडे बोट दाखवीन.

तरीही यादी अपुरी, आणि किती अपुरी हे ठरविण्यासाठी ‘मीडियाझोना’, ‘मेदूझा’ हे रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि ट्यूबिंगेन विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ दिमित्री कोबाक यांनी जुलै २०२३ मध्ये जी युक्ती प्रसिद्ध केली, ती मला दातेरीपेटीच्या अनुक्रमांकांइतकीच देखणी वाटते. आपल्याकडे खातेदार वारल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद होते, तशी रशियात मृताच्या जिंदगीची नोंद नोटरींच्या सार्वजनिक नोंदवहीत होते. वारसांनी सहा महिन्यांत हक्क सांगावयाचा असतो. शांततेच्या काळी प्रत्येक वयोगटात मृत पुरुषांच्या आणि मृत स्त्रियांच्या नोंदींचे परस्परप्रमाण बहुतांशी स्थिर असते. साथीचा रोग, कायद्यातील बदल, नोटरींची दिरंगाई यांचा परिणाम दोघांवरही होतो; रणांगणाचा मात्र जवळजवळ केवळ पुरुषांवर. म्हणून स्त्रियांच्या नोंदींवरून पुरुषांच्या अपेक्षित नोंदी काढावयाच्या, आणि त्याहून जे आधिक्य दिसेल ते युद्धाच्या नावे लिहावयाचे. प्रत्येक मृतामागे जिंदगीची नोंद होत नाही, म्हणून त्या आधिक्याचा विस्तार करावयाचा, आणि सरकारी सांख्यिकी खात्याच्या २०२२ च्या मृत्युतक्त्यांशी त्याचा ताळा पाहावयाचा. उत्तर आले ते असे : मे २०२३ अखेर पन्नाशीच्या आतील सुमारे ४७,००० रशियन पुरुष मृत, आणि अनिश्चिततेची सीमा ४०,००० ते ५५,०००. नावांची यादी तेव्हा याच्या निम्म्याच्या आसपास होती. या सीमेला मी आकड्याइतकेच महत्त्व देतो. जो अनुमानकर्ता आपली सीमा सांगत नाही, त्याचा आकडा मी वापरीत नाही.

युक्रेनच्या हानीविषयी इतका पुरावा उघड नाही. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये ३१,००० आणि पुढच्या फेब्रुवारीत सुमारे ४६,००० मृत सांगितले. या आकड्यांकडेही सरकारी निवेदन म्हणूनच पाहावे, कारण बेपत्ता असलेले हजारो त्यांत धरलेले नाहीत. न्याय्य बाजू कोणती याविषयी माझे मत स्पष्ट आहे, पण त्या मताने मोजणीचा नियम सैल होऊ देणे म्हणजे त्याच बाजूच्या मृतांचा हिशेब बुडविणे होय.

मृत दडविण्याचा हा प्रकार आपल्या सीमेवरही घडला आहे. कारगिलमध्ये भारताचे ५२७ जवान धारातीर्थी पडले आणि त्यांची नावे देशाने जाहीरपणे घेतली. पाकिस्तानने मात्र आपल्या नियमित फौजेचा सहभागच प्रथम नाकारला. अखेर २०१० मध्ये त्या सैन्याच्याच हुतात्म्यांच्या यादीत बटालिक-कारगिल विभागात मृत झालेल्या ४५३ जणांची नावे आढळली. तोपर्यंत त्या मृतांच्या घरांना मृत्यू ठाऊक होता, पण राज्याने कबूल केलेले कारण नव्हते.

आणि महाराष्ट्राचा एक जुना हिशेब तर आजही अपुरा आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे २९ एप्रिल १९१६ रोजी जी सेना शरण गेली, ती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत, हिंदी शिपायांच्या मात्र पलटणीपुढे नुसती संख्या आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानेच २०२१ मध्ये कबूल केले, की हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्ती असे ४५,००० ते ५४,००० मृत असमान रीतीने स्मरले गेले. सातारा, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत महायुद्धाचे शिलापट्ट आहेत. त्यांवरही गावातून किती गेले आणि किती कामास आले एवढेच अंक.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या घरी पणजोबांचे पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहा; तिच्यावर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. जुना पेन्शनीचा कागद असेल, गावात शिलापट्ट असेल, तर त्याचे स्वच्छ उजेडात छायाचित्र घ्या, अक्षरशः नक्कल करा, गाव आणि तारीख लिहा, आणि एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात दाखल करा.