मैल वाकला, तास नाही

नागापूर, अहिल्यानगर

चि. सायलीस,


मैल ५२८० फुटांचाच का, या हिशेबाला काही ताळतंत्र आहे का, असा वैताग तू पत्रात केला आहेस. ताळतंत्र आहे, पण ते वहीत नाही, वावरात आहे.

'फर्लांग' म्हणजे नांगराचं लांब तास. बैलांनी दम न खाता ओढायचं, ते ६६० फूट. इंग्लंडातला नांगर जड, वळवताना जीव जायचा, म्हणून पट्टे लांबच लांब. असाच ६६ फूट रुंदीचा पट्टा एका जोडीने दिवसभरात नांगरायचा, तो एकर.

मी नोकरीभर मोजणीची साखळी ओढली. आपली साखळी ३३ फुटी, सोळा आण्यांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा. आता साहेबाचा पट्टा तिच्यावर मांडून बघ: लांबीला २० गुंठे, रुंदीला २. झाले ४० गुंठे, म्हणजे एक एकर! हा योगायोग नव्हे. एडमंड गंटर या इंग्रजाने १६२० साली ६६ फुटांची साखळी काढली, आपली तिच्या बरोबर निम्मी. (क्रिकेटची २२ यार्डांची खेळपट्टी म्हणजे तीच गंटरची साखळी. भावाला सांग, दोन दिवस गप्प बसेल.)

मैल मात्र रोमन शिपायांचा. डावा-उजवा मिळून एक पाऊल, अशी हजार पावलं, फूट ५०००. त्यात फर्लांग पुरते बसेनात. तेव्हा १५९३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने मैलच ताणून ८ फर्लांगांचा केला. फर्लांगाला हात लावला असता तर गावोगावच्या जमिनींची मापं उलटीपालटी झाली असती. बांध सरकवायची छाती राणीच्या राज्यातही कुणाची झाली नाही, हे मला फार आवडतं.

अंतराचा विषय निघालाच आहे तर प्रवासाचे शब्दही बघ. 'जर्नी' म्हणजे मुळात एका दिवसाची चाल, आपली मजल म्हण. 'ट्रॅव्हल' फ्रेंचांच्या कष्टाच्या शब्दातून आला, आणि त्याचंही मूळ तीन खुंटांच्या छळाच्या यंत्रापर्यंत नेतात. दिवाळीच्या गर्दीत पुण्याहून उभ्याने येणाऱ्या तुला हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मीटर आला. इथल्या एमआयडीसीत प्लॉट चौरस मीटरमध्ये, पण बाहेर भाव अजून गुंठ्यानेच निघतो. परवा चहाच्या टपरीवर एका ट्रक ड्रायव्हरने कारखान्याचा पत्ता विचारला. तिथे बसलेले एक म्हातारबुवा म्हणाले, "फर्लांगभर फुडं जा, डाव्या हाताला." तो बिचारा बिहारचा, नुसता बघत राहिला. शेवटी मीच म्हणालो, "दो सौ मीटर."

तुझा,
मामा