मोकळी टाच
कण्याच्या रचनेविषयी काल वाचत असता एक गोष्ट मनावर पक्की ठसली: कमरेच्या मणक्यांची योजना मुख्यत्वे वाकण्यासाठी आहे, पिळण्यासाठी नव्हे, तेथील प्रत्येक सांध्यास एका बाजूस जेमतेम दोन-तीन अंश फिरण्याची मुभा असल्यामुळे, गोल्फचा फटका मारताना शरीर जे परिभ्रमण करते, त्याचा कारभार वस्तुतः खुबे आणि बरगड्यांमागील पाठ यांनीच सांभाळावयाचा असतो. खुबे आखडले, म्हणजे त्यांच्या वाट्याची वसुली कमरेकडून होते.

१९३० साली तत्कालीन चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारा बॉबी जोन्स काठी मागे नेताना डावी टाच सहज उचलू देई, आणि त्यायोगे त्याचा कटिप्रदेश खांद्यांच्या संगतीने वळे. पुढे अंतराच्या लोभाने खुबे जखडून केवळ खांदे फिरविण्याचा जो प्रघात पडला, तो, निदान पन्नाशी उलटलेल्या हौशी खेळाडूंच्या बाबतीत, मला निखालस अन्यायाचा वाटतो. त्यांनी टाच खुशाल उचलावी.

खेळापूर्वी थोडे चालून अंगात ऊब आणावी, आखूड काठीने हलके फटके मारावे, हे सर्वश्रुतच आहे. मुठीचे प्रकरण मात्र सूक्ष्म आहे. चेंडूवर दृष्टी स्थिरावताच बोटे नकळत आवळतात, आणि तो ताण मनगटाकडून कोपराच्या आतील अंगाच्या कंडरांवर पुनःपुन्हा पडत राहिला, की तेथे चिवट वेदना घर करते; यास्तव हल्ली फटक्यापूर्वी श्वास सावकाश सोडून, जबडा सैल झाला आहे की नाही, हे मी आधी पाहतो, आणि नंतरच काठी उचलतो.