आणखी दोन बळी

क्रीडारसिकाच्या दुःखाला साहित्यविचारात फारसे स्थान मिळालेले नाही. जे आपल्या हाती नाही आणि ज्यातून कवडीचा लाभ नाही, त्यासाठी व्याकूळ होणे बालिशपणाचे मानले जाते. वास्तविक शोकात्म नाटकाचा प्रेक्षकही हेच करीत असतो. फरक इतकाच, की शेवट अगोदर लिहिलेला आहे हे त्याला ठाऊक असते. १९५१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील बेसबॉलच्या चाहत्याला हा दिलासा नव्हता.

अमेरिकेत लीगच्या विजेतेपदाला 'पेनंट', म्हणजे पताका, म्हणतात. ती एका सामन्यात मिळत नाही. त्या काळी प्रत्येक संघ हंगामात १५४ सामने खेळे. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत चाहत्याचा दिवस गुणतक्त्याशी बांधलेला असे. ऑगस्टमध्ये ब्रुकलिन डॉजर्स हा संघ न्यूयॉर्क जायंट्सच्या साडेतेरा सामने पुढे होता. मग जायंट्सनी अखेरच्या ४४ पैकी ३७ सामने जिंकले. दोघांचेही ९६ विजय झाले आणि निर्णयासाठी तीन जादा सामने ठरले. पहिला जायंट्सनी घेतला, दुसरा डॉजर्सनी. हातातले धन एकदम लुटले जाणे वेगळे आणि रोज सकाळी वर्तमानपत्र उघडून ते चिमूटचिमूट कमी झालेले पाहणे वेगळे.

३ ऑक्टोबरला पोलो ग्राउंड्स मैदानावर तिसरा सामना झाला. नवव्या, अखेरच्या डावाच्या उत्तरार्धास आरंभ होताना डॉजर्स ४-१ असे पुढे होते. बेसबॉलच्या सामन्याला वेळेची मर्यादा नाही. आघाडीवरील संघाला वेळ काढून सुटता येत नाही, समोरचा शेवटचा फलंदाज बाद करावाच लागतो. मागे पडलेल्याची आशा आणि पुढे असलेल्याची धास्ती या एकाच नियमातून जन्मतात. जायंट्सची एक धाव झाली, दोघे खेळाडू बेसवर, एक बाद. आणखी दोन बळी हवे होते. चेंडू राल्फ ब्रॅन्काच्या हाती देण्यात आला. त्याच्या दुसऱ्याच चेंडूवर बॉबी थॉमसनने होमरन मारला. ५-४.

रेडिओवर समालोचक रस हॉजेस एकच वाक्य पुन्हापुन्हा ओरडत राहिला. तो आवाज आज ऐकता येतो तो ब्रुकलिनमध्येच राहणाऱ्या एका चाहत्यामुळे. कामावर जाताना त्याने आईला अखेरचा भाग ध्वनिमुद्रित करण्यास सांगून ठेवले होते. तो डॉजर्सचा भक्त होता आणि हॉजेसचे रडगाणे ऐकण्याची त्याला हौस होती, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. प्रत्यक्षात तो जायंट्सचा चाहता होता. आख्यायिकेला मात्र दुखावलेलाच श्रोता हवा होता!

पन्नास वर्षांनी, २००१ मध्ये, या कथेला दुसरे पान जोडले गेले. त्या हंगामात जायंट्स आपल्या मैदानावर दुर्बिणीतून प्रतिपक्षाच्या खुणा वाचीत आणि विजेच्या घंटीने त्या खेळाडूंपर्यंत पोहोचवीत, हे उघड झाले. त्या चेंडूची खूण आपण घेतली नव्हती, असे थॉमसनचे म्हणणे होते. ब्रुकलिनच्या चाहत्याला यातून न्याय मिळाला असे वाटणे साहजिक आहे, पण त्याचे काहीसे नुकसानही झाले. अर्धशतकभर ज्याला तो दैव म्हणत होता, ते आता लबाडी ठरले आणि दुःखाचा दर्जा उतरला. शिवाय दुर्बिणीने सारे उलगडतही नाही. दोनच दिवसांपूर्वी, डॉजर्सच्याच मैदानावर, थॉमसनने ब्रॅन्कालाच होमरन मारला होता.

त्या दुपारी थॉमसन बेसना वळसा घालीत असताना डॉजर्सचे खेळाडू मान खाली घालून क्लबहाउसकडे चालू लागले. १९४७ मध्ये याच संघातून वर्णभेदाची भिंत ओलांडून आलेला जॅकी रॉबिन्सन मात्र जागीच थांबला. एकही बेस चुकला तर धाव रद्द होऊ शकते. १९०८ मध्ये, पेनंटच्या अशाच चुरशीत, जायंट्सच्याच फ्रेड मर्कलने दुसऱ्या बेसला स्पर्श न केल्यामुळे जिंकलेला सामना हातचा गेला होता. गर्दी मैदानात घुसत होती, थॉमसन उड्या मारीत चालला होता आणि रॉबिन्सन कमरेवर हात ठेवून त्याची पावले पाहत होता. पहिला बेस, दुसरा, तिसरा. अखेर थॉमसनचे पाय होम प्लेटवर पडले, तेव्हा तो वळला.