एमएच ३७० : पुरावा विचारायला पदवी कशाला हवी?

'तुम्हाला यातले काय कळते?' हा प्रश्न आपल्याला नवा नाही. हरवलेल्या एमएच ३७० विमानाच्या मार्गाची आकडेमोड करणाऱ्या हौशी लोकांनाही तो ऐकावा लागला. म्हणून हा विषय.

८ मार्च २०१४. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले बोइंग ७७७. आत २३९ माणसे, त्यांत ५ भारतीय. रात्री १:२१ ला ते नागरी रडारवरून नाहीसे झाले. मागे वळून मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून जाताना २:२२ पर्यंत ते लष्करी रडारवर होते. त्यानंतर उरले फक्त एका उपग्रहाशी झालेले संकेत, शेवटचा सकाळी ८:१९ चा. संकेताला लागलेल्या वेळेवरून विमान उपग्रहापासून किती दूर होते एवढेच कळते, कोणत्या दिशेला ते नाही. म्हणजे पृथ्वीवर एक वर्तुळ मिळते.

आता आमची कबुली. एक व्हिडिओ पाहून आम्ही अभ्यासवर्गात ठणकावून सांगितले होते, की विमान दिएगो गार्सियाच्या अमेरिकी तळावर उतरवले. अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पुरावा?" आमच्याकडे नव्हता. मग सगळे मिळून बसलो. भिंतीवरच्या नकाशावर कंपासने वर्तुळ काढले. ते चुकले, कारण सपाट नकाशात अंतरे ताणली जातात. मग ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आणला. उपग्रह विषुववृत्तावर साधारण ६४.५ अंश पूर्वेला. तिथे दोरा बोटाने दाबला. शेवटचे वर्तुळ सुमारे ४,८०० किलोमीटरचे, म्हणजे गोलावर साधारण सव्वाअकरा सेंटिमीटर. दिएगो गार्सिया आमच्या बोटापासून तीन सेंटिमीटरही दूर नव्हते! आमचा सिद्धांत तिथेच मेला.

वर्तुळ उत्तरेला मध्य आशियात जाते, दक्षिणेला हिंदी महासागरात. दक्षिणच का? संकेताच्या वारंवारितेतला फरक दक्षिणेच्या मार्गाशी जुळला. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर पंखाचा तुकडा मिळाला, तेव्हा शंकेला फारशी जागा उरली नाही.

पण हे तपासायला आकडे हातात हवेत. २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी विमान दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचे जाहीर केले. उपग्रहाच्या नोंदी लोकांसमोर आल्या २७ मे रोजी. दोन महिने नातेवाइकांनी नुसता विश्वास ठेवायचा होता काय? नोंदी आल्यावर इंडिपेंडंट ग्रुप नावाच्या अभियंते-गणितज्ञांच्या गटाने, कुणी न सांगता, त्या उलगडल्या आणि आपली गणिते उघड मांडली, म्हणजे इतरांना चुका काढता याव्यात.

सगळेच हौशी असे नव्हते. काहींनी घरबसल्या वैमानिकाला खुनी ठरवले. २०१८ च्या अंतिम अहवालालाही कारण निश्चित करता आले नाही, यांना मात्र ते ठाऊक! बस्तीत काम करताना बेपत्ता माणसांच्या घरी आम्ही जातो. शेजाऱ्यांची एक अफवा त्या घराचे काय करते, ते आम्ही पाहिले आहे. दिएगो गार्सियाची गोष्ट सांगताना आम्हीही त्या शेजाऱ्यांतलेच होतो.

समुद्रतळाचे १,२०,००० चौरस किलोमीटर धुंडाळून जानेवारी २०१७ मध्ये शोध थांबला. २०१८ मध्ये एका खासगी कंपनीने पुन्हा शोधले, तेव्हाही काही मिळाले नाही. त्या मुलीचा पुढचा प्रश्न होता, "सर, वर्तुळावर नेमके कुठे?" पुढच्या रविवारी ती वाऱ्याचे आणि इंधनाचे आकडे घेऊन येणार आहे.